फुलीचे दोन पेन्स

भीती ही माझी नोकरी आहे. थॉर्नसी गावच्या कौन्सिलात गेली तेवीस वर्षं मी, कशामुळे माणसाचं काय काय होऊ शकतं, हे फॉर्मवर लिहितो. दिव्याच्या खांबाला टांगलेली फुलांची टोपली डोक्यात पडू शकते. चर्चच्या जत्रेतला चहा मांडीवर सांडू शकतो. उन्हाळ्यात वाळूवर पोरांना फिरवणारी गाढवं चावू शकतात. गाढवांचा फॉर्म चार पानी आहे आणि तो मी एकट्याने तयार केला आहे. बाकीची माणसं पाच वाजता काम टेबलावर ठेवून घरी जातात. माझं काम माझ्याबरोबर बसमध्ये चढतं, जेवायला बसतं आणि झोपताना टोस्टरची वायर काढली का म्हणून विचारतं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "नाइजेल, एखादा छंद लावून घ्या. ज्यात काही म्हणता काही होऊ शकत नाही असा."

मी आठवडाभर विचार केला. मासेमारीत पाणी असतं, बागकामात गंजका खिळा असतो, केक करायचे तर भट्टी असते. उरली नाणी. त्यातही सोन्याचांदीची म्हणजे चोराला आमंत्रण, आणि पन्नास पेन्सच्या दुर्मिळ नाण्यांवरून चांगली चांगली माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली आहेत. म्हणून मी दोन पेन्सचं नाणं निवडलं. दोन पेन्ससाठी आजवर कुणी कुणाच्या घराचं कुलूप फोडलेलं नाही. दर वर्षाचं एकेक नाणं जमवायचं, अल्बमच्या खिशात घालायचं, पान उलटायचं. इतका निरुपद्रवी छंद माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिला नव्हता.

या नाण्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. जुने शिलिंग आणि पेनी जाऊन आमच्याकडे दशमान पद्धत आली ती पंधरा फेब्रुवारी एकाहत्तरला. त्यानंतर बहात्तर ते चौऱ्याहत्तर या तीन वर्षांत दोन पेन्सचं एकही नाणं बाजारासाठी पाडलं नाही. ब्याण्णव सालापासून नाणं आतून पोलादी झालं, वरून नुसता तांब्याचा मुलामा. म्हणजे त्याआधीचं नाणं लोहचुंबकाला चिकटत नाही, पुढचं चिकटतं. शेजारचा रॉय म्हणतो की ही चुंबकाची गोष्ट मी त्याला अकरा वेळा सांगितली आहे. अकरा वेळा सांगूनही माणसाच्या डोक्यात काही राहत नाही, असं मला तेव्हा रॉयबद्दल वाटायचं.

आमच्या नाणेमंडळात आठ सभासद आहेत आणि दर वर्षी पंधरा फेब्रुवारीला वाचनालयाच्या माडीवर आम्ही प्रदर्शन मांडतो. मागच्या वेळी माझ्या टेबलासमोर फक्त तीन माणसं थांबली, त्यांपैकी एक जण स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. माझ्या मनाला ते लागलं. यंदा काहीतरी असं मांडायचं की लोक थांबले पाहिजेत, असा मी निश्चय केला, आणि सासूबाईंच्या घरी गेलो.

सासूबाईंचं नाव डोरीन. त्यांच्याकडे एक दोन पेन्स आहे आणि ते आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. दशमान नाण्यांच्या पहिल्या दिवशी डोरीन एकोणीस वर्षांच्या होत्या आणि बेकरीच्या गल्ल्यावर उभ्या होत्या. गिऱ्हाइकांनी नव्या हिशोबावरून त्यांचं डोकं फिरवलं होतं. तेवढ्यात विल्फ नावाचा एक पोरगेला गवंडी आला, एक बन घेतला आणि एक नवंकोरं दोन पेन्स पुढे केलं. त्यावर त्याने खिळ्याने छोटी फुली ओरखडली होती, पत्राखाली मुका म्हणून काढतात तशी. डोरीननी ते गल्ल्यात न टाकता स्वतःच्या पर्समधलं दुसरं टाकलं. पुढे लग्न झालं, माझी बायको ॲलिसन झाली, आणि सहा वर्षांपूर्वी विल्फ गेले. नाणं चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर फुली वर करून चिकटवलेलं, डोरीनच्या उशाशी असतं.

"नेतोस तर ने," डोरीन म्हणाल्या. "पण रविवारी जेवायला येशील तेव्हा परत हवंय. सोमवारी माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. ते हातात घेतल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही, डॉक्टरांना सांगून ठेवलंय."

"काळजी करू नका डोरीन, मी जिवापाड जपेन."

"तू काळजी करतोस म्हणूनच देतेय. दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नसता."

प्रदर्शन गुरुवारी झालं. माझ्या टेबलासमोर बत्तीस माणसं थांबली. दोन बायकांनी डोळे पुसले. मंडळाचे चिटणीस, जे माझ्याशी सहसा फक्त वर्गणीबद्दल बोलतात, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणसाने अशा वेळी सरळ घरी जावं.

मी समुद्रावरून गेलो. तिथे खेळांच्या मशिनांची एक दुकानवजा जागा आहे. पिकर्सगिलबाई म्हणून एक साठीच्या बाई ती चालवतात, दारातल्या काचेच्या खोक्यात विणकाम करत बसतात आणि एका पाउंडाचे पन्नास दोन-पेन्स सुटे देतात. नाणी जमवणाऱ्याला ही सोन्याची खाण. बाहेर बाकावर बसायचं, पन्नासांवरची सालं वाचायची, हवं ते एखादं ठेवायचं आणि उरलेली मशिनात टाकायची, कारण एकोणपन्नास दोन-पेन्स खिशात घालून माणूस चालू लागला की पॅन्ट खाली येते. ते मशीन आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं: काचेआड नाण्यांनी खच्चून भरलेली फळी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी दुसरी फळी. वरून नाणं सोडायचं, ते बाकीच्यांना ढकलतं, आणि पुढच्या कडेवरून जे पडेल ते आपलं. दोन्ही बाजूंना दोन बोटांची फट असते. तिच्यात पडेल ते दुकानाचं.

माझी पद्धत ठरलेली होती. सुटी नाणी डाव्या खिशात, डोरीनचा पुठ्ठा उजव्या खिशात, बटण लावून. पण इतक्या वर्षांच्या जुन्या डिंकाचा फॉर्म मी भरला नव्हता. डाव्या खिशातली नाणी संपली, मी सवयीने उजव्या खिशाचं बटण काढून आत हात घातला, बोटांना एक नाणं लागलं. प्रदर्शनाच्या आनंदात मी ते न बघता सोडलं.

ते वरच्या फळीवर आडवं पडलं. त्यावर फुली होती.

मी खिशातला पुठ्ठा काढला. त्यावर डिंकाचा गोल पिवळा डाग तेवढा शिल्लक होता. फळी मागे गेली, पुढे आली, आणि विल्फची फुली अर्धा इंच पुढे सरकली. मी आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींना घाबरलो त्या सगळ्या खोट्या होत्या, हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्यांची आठवण येऊन मला गहिवरून आलं.

"मशिनात गेलं ते मशिनचं, राजा," पिकर्सगिलबाई विणकाम खाली न ठेवता म्हणाल्या.

"पण ते नाणं वेगळं आहे. माझ्या सासूबाईंचं आहे."

"सगळी नाणी कुणाच्या ना कुणाच्या सासूचीच असतात."

"मशीन फक्त उघडा. मी एका बोटाने उचलतो."

"किल्ली माझ्याकडे नसते. हल शहरातून माणूस येतो, दर मंगळवारी. त्याच्याशिवाय सील तोडलं तर माझा परवाना जाईल. आणि परवाना कोण देतं? तुमचंच कौन्सिल." त्यांनी मला एक तक्रार-अर्ज दिला. तो मी भरला. भरताना लक्षात आलं की त्याचा मसुदा माझ्याच खात्याने केला होता, आणि 'अर्जाचा निकाल अठ्ठावीस दिवसांत' हे वाक्य तर माझंच होतं.

मग एकच मार्ग उरला. नाणी टाकत राहायचं आणि फुलीला पुढच्या कडेवरून माझ्या बाजूला पाडायचं. दुकान बंद होईपर्यंत मी टाकत होतो. शाळांना सुट्टी होती, त्यामुळे गर्दी जमली. पेन्शनर मंडळींनी माझ्यामागे खुर्च्या ओढल्या. एका आजोबांचं म्हणणं होतं की नाणी फळी मागे जाताना टाकावीत, दुसऱ्यांचं म्हणणं पुढे येताना. त्या दोघांचं इतकं वाजलं की ते निघून गेले तेव्हा वेगवेगळ्या दारांनी गेले. फुली वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आली, म्हणजे कडेच्या जवळ, म्हणजे फटीच्याही जवळ. प्रत्येक नाणं टाकताना वाटायचं की याच नाण्याने ती जाणार, आणि न टाकावं तर दुसरा कुणी येऊन टाकेल. मी त्या मशीनवर कोट पसरून झोपायची परवानगी मागितली. पिकर्सगिलबाईंनी दिवे मालवले.

घरी ॲलिसनने विचारलं, "आईचं नाणं?"

"खिशात," मी म्हणालो. लग्नाच्या चोवीस वर्षांतलं माझं पहिलं खोटं, आणि तेही दोन पेन्सचं.

शुक्रवारी मी रजा टाकली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी घरातून मागच्या दाराने निघालो आणि कुंपणापाशी रॉयने मला धरलं. रॉय हा निवृत्त ट्रक ड्रायव्हर. त्याला जगातल्या कुठल्याही अडचणीवर उपाय माहीत असतो आणि अडचण आपली नसली तर तो उपाय तो लगेच करूनही बघतो. मी त्याला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा श्वास आत जात नव्हता.

"नाइजेल, लेका, एवढंच?" रॉय म्हणाला आणि शेडमध्ये गेला. रॉयला कालव्यात लोहचुंबक सोडून बुडालेल्या सायकली काढायचा नाद आहे. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोरीला बांधलेला, बशीएवढा चुंबक होता. "काचेवर लावायचा, फुलीवर नेमका. नाणं चिकटलं की काचेवरून हळूहळू पुढे ओढायचं, कडेवरून सोडायचं. खलास."

हे ऐकताना माझ्या मनात काहीतरी टोचत होतं. काहीतरी मला माहीत होतं, पण रात्रभर झोप नव्हती, आणि कुणीतरी 'खलास' इतक्या खात्रीने म्हणालं की मला रडू येतं. मी त्याच्याबरोबर गेलो.

रॉयने चुंबक कोटाखाली लपवला होता. दुकानात शिरताना तो एका लोखंडी खांबाला चिकटला आणि त्याच्याबरोबर रॉयही. तो सोडवून आम्ही मशीनपाशी पोचलो. पिकर्सगिलबाई खाली मान घालून टाके मोजत होत्या. रॉयने चुंबक काचेवर टेकवला.

आतली नाणी उठली. दोन-चार नाही, शे-दोनशे उठली आणि काचेला आतून घोंगड्यासारखी बिलगली. मशीनने किंचाळायला सुरुवात केली, वरचा लाल दिवा फिरू लागला. आणि नाण्यांच्या त्या झुंडीखाली, मोकळ्या झालेल्या फळीवर, एक नाणं होतं तिथेच स्वस्थ पडून होतं. त्यावर फुली होती. ब्याण्णवच्या आधीचं नाणं चुंबकाला चिकटत नाही.

"अरे, हे तर तूच मला सांगितलं होतंस," रॉय म्हणाला. "अकरा वेळा."

रॉयने चुंबक ओढून काढला तेव्हा सगळी नाणी परत कोसळली आणि फुली त्यांच्या धक्क्याने डावीकडे सरकली, फटीच्या बाजूला. पिकर्सगिलबाई आमच्यामागे उभ्या होत्या. त्यांनी माझा फोटो काढला. त्यांच्या खोक्यात आतल्या बाजूला असे फोटो लावलेले आहेत, 'यांना प्रवेश नाही' या पाटीखाली: दोन दारुडे, काचेवर डोकं आपटणारा एक इसम, आणि आता थॉर्नसी कौन्सिलचा सुरक्षा अधिकारी. रॉयचा फोटो काढला नाही, कारण गडबडीत चुंबक माझ्या हातात आला होता.

म्हणून शनिवारी रॉय आत आणि मी बाहेर. समुद्राकडून वारा असा येत होता की डोळ्यांतून पाणी थांबेना. मी काचेला नाक लावून उभा होतो आणि हातांनी खुणा करत होतो: उजवा हात वर म्हणजे उजव्या खाचेतून टाक, दोन्ही हात वर म्हणजे थांब. कुत्रा घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं की मी कुणाला शोधतोय का. मी म्हणालो, सासूबाईंना. त्यांनी माझा दंड थोपटला आणि पाकिटातली पुदिन्याची गोळी दिली.

दुपारी तीनच्या सुमारास फुली कडेवर आली. अर्धी फळीवर, अर्धी हवेत. आणखी एका नाण्याचा धक्का, बस. रॉयने माझ्याकडे पाहिलं. मी उजवा हात वर केला, मग मला वाटलं डावा करावा, मग भीती वाटली की तो घाई करेल, म्हणून मी दोन्ही वर केले. रॉयने खांदे उडवले आणि टाकलं.

कडेवरचा सगळा ढीग कोसळला. इतकी नाणी एकदम पडलेली त्या दुकानात कुणी पाहिली नव्हती. आतली माणसं टाळ्या वाजवत होती, रॉयच्या पायापाशी नाण्यांची वाटी ओसंडत होती. पण मी फुलीकडे बघत होतो. ती पडता पडता दुसऱ्या नाण्यावर आपटली, उभी राहिली, आणि धारेवर सरळ डावीकडे घरंगळत गेली. फटीपाशी ती क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग ती दिसेनाशी झाली.

पिकर्सगिलबाई स्वतः बाहेर आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी मला खोक्यातल्या त्यांच्या खुर्चीवर बसवलं, माझ्याच फोटोखाली, आणि चहा दिला.

"मंगळवारी माणूस येतो तेव्हा सगळी बादल्यांत निघतात," त्या म्हणाल्या. "बस आणि शोध. पण रोज तीन-चार हजार पडतात, राजा, आणि मशीन पुन्हा भरायला तो माणूस त्यांतलीच घेतो. आशा धरू नकोस."

डोरीनला कबूल करावं असं मी रात्रभरात निदान सहा वेळा ठरवलं. प्रत्येक वेळी मला त्या ऑपरेशनच्या खाटेवर रिकाम्या हाताने झोपलेल्या दिसल्या. वय बहात्तर, भूल देणार, हृदयावर ताण. असल्या गोष्टींचे आकडे मला पाठ असतात, हे माझं दुर्दैव. विल्फ गेले तेव्हा त्या माणसाच्या हातात डोरीनचा हात होता. डोरीनच्या हातात काहीच नको का?

रविवारी सकाळी ॲलिसन चर्चला गेली. मी अल्बम काढला. पहिल्या पानावर माझं एकाहत्तर सालचं दोन पेन्स होतं, अंगावर चरा नाही असं, माझं सगळ्यात आवडतं. आधी मी कायदा वाचला. नाणी वितळवणं आणि मोडणं याला मनाई आहे. ओरखडण्याबद्दल त्यात काही नाही, पण कायद्यात नाही म्हणून पोलिसांच्या मनात नसेलच असं नाही. मी पडदे ओढले. कंपासपेटीतल्या टोकाने फुली काढली. मग, नाण्यावर साधा श्वासही सोडू नये असं मंडळाच्या नव्या सभासदांना दटावणारा मी, ते नाणं कुंडीतल्या मातीत घोळवलं, किल्ल्यांबरोबर मोज्यात घालून खुळखुळवलं, आणि पुठ्ठ्यावरच्या पिवळ्या डागावर बेतून चिकटवलं. मला स्वतःची किळस आली. आणि खरं सांगायचं तर काम चांगलं झालं होतं.

डोरीनकडे बीफ होतं, आणि यॉर्कशायर पुडिंग फुगून भांड्याबाहेर आली होती. ॲलिसन ग्रेव्ही गरम करायला आत गेली. डोरीननी हात पुढे केला. मी पुठ्ठा दिला.

त्यांनी तो चष्म्याजवळ धरला. मग काट्याचं टोक नाण्याखाली घातलं.

"अहो, ते कशाला काढता, इतक्या वर्षांचं—" मी म्हणालो.

नाणं सुटून टेबलक्लॉथवर पडलं, राणीचा चेहरा वर. साल त्याच बाजूला असतं. डोरीन वाकून बघत राहिल्या. घड्याळाची टिकटिक मला दातांत ऐकू येत होती.

"हे एकाहत्तरचं आहे," त्या म्हणाल्या.

"हो ना. पहिल्या दिवसाचं." मी म्हणालो.

"माझं पंचाहत्तरचं होतं."

दोन पेन्सच्या नाण्यांवर अधिकारवाणीने बोलणारा मी, त्या नाण्याची दुसरी बाजू कधी बघितलीच नव्हती. चिकटवलेलं म्हणून. फॉर्म भरणाऱ्यांनी सगळं भरावं आणि आपलं नाव लिहायला विसरावं तसं झालं. मी एका दमात सगळं ओकलो: उजवा खिसा, रॉय, चुंबक, माझा फोटो, वारा, फट, कंपासपेटी. एकदाच, चुंबकापाशी, डोरीननी रुमाल तोंडावर धरला.

"पण पंचाहत्तरचं कसं?" शेवटी मी विचारलं. "पहिल्या दिवशी ते पाडलंच नव्हतं."

"पहिल्या दिवसाचं मी लग्नात विल्फलाच परत दिलं होतं, ते त्याच्या खिशात असायचं. मी ॲलिसनच्या वेळी दवाखान्यात होते, पंचाहत्तर साली. मुलगी झाली म्हणून माझ्या आईला कळवायला तो खाली टेलिफोनवर गेला. खिशात होतं नव्हतं ते सगळं टेलिफोनच्या नाणी टाकायच्या डब्यात घातलं, आणि आईने फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी हा पुठ्ठा घेऊन आला. म्हणे, सुरक्षित राहावं म्हणून चिकटवलं. हातात येईल ते चकचकीत नाणं घेऊन त्यावर फुली काढली होती वेड्याने. तो कामावर गेला आणि मी कड उचलून बघितली."

"आणि तुम्ही त्यांना काहीच बोलला नाहीत? त्रेचाळीस वर्षं?"

"काय बोलायचं? पांढराफटक पडला होता, कानांच्या पाळ्या लाल, अगदी तू आत्ता बसलायस तसा. नाणी काय रे, बेकरीत रोज डबाभर यायची. पण मला वाईट वाटेल म्हणून एक माणूस एवढा घाबरला होता. ते मी जपून ठेवलं." त्यांनी माझं नाणं उचललं आणि अंगठ्याने फुली पुसून बघितली. "तुझी जास्त नीट आली आहे. सालही बरोबर काढलंस."

"मला माफ करा डोरीन."

"उद्याची मला फार भीती वाटते, नाइजेल," त्या एकदम म्हणाल्या. "ॲलिसनला सांगू नकोस. ती मला धीर देत बसेल."

मी त्यांना धीर दिला नाही. मला येत नाही. मी म्हणालो की मलाही वाटते, आणि आम्ही दोघं ॲलिसन ग्रेव्ही घेऊन येईपर्यंत तसेच बसून राहिलो.

सोमवारी सकाळी दवाखान्यात नर्सने सांगितलं की अंगावर कुठलाही धातू चालणार नाही. डोरीननी मूठ घट्ट धरली. मी म्हणालो की नियम बरोबर आहे. हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप जातं. डोरीननी माझ्याकडे पाहिलं, मग मूठ उघडली आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.

"धर," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटणीचंही घाबर आता."

त्यांना आत नेलं. ॲलिसन म्हणाली बस, कॉफी आणते, नाणं खिशात ठेव. मी बसलो नाही, कॉफी घेतली नाही. दोन तास पन्नास मिनिटं मी त्या दारासमोर उभा होतो, आणि डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक झालं म्हणून सांगेपर्यंत मूठ उघडली नाही. उघडली तेव्हा तळहातावर फुली उमटली होती.